ऑफ-सीझनमध्ये फायबर रिंग टाकतोय : स्विच कुठले घ्यावेत?

चिपाड

मंडळी, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. कारखान्याचं नाव विचारू नका, इथे कोण कोण वाचत असतं सांगता येत नाही.

गाळप संपलंय. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आत नेटवर्कचं काम उरकायचं आहे. एकदा गव्हाणीत मोळी पडली की पुढे कुणी केबलला हात लावू देत नाही.

आत्ताची अवस्था अशी. मिल हाऊस, बॉयलर, को-जन (चिपाडावर चालणारी वीजनिर्मिती), बॉयलिंग हाऊस आणि डिस्टिलरी अशा पाच ठिकाणी पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक) पॅनेल आहेत. सगळं प्रोफिनेटवर, म्हणजे यंत्रांसाठीच्या इथरनेटवर. मिल हाऊस ते को-जन एक जुनी नारिंगी फायबर आहे, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारं डबडं). बाकीकडे कॅट-६ (तांब्याची नेटवर्क केबल). बॉयलिंग हाऊसकडे जाणारी कॅट-६ शंभर मीटरच्या पुढे जाते, म्हणून कुणीतरी मध्येच एका जंक्शन बॉक्समध्ये साधा अनमॅनेज्ड (सेटिंग किंवा निदान नसलेला) स्विच ठेवून दिलाय. वळवाच्या पावसात त्याच लाइनवरचे पोर्ट उडतात. हंगामात लिंक गेली की मिल थांबते, बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, शेतकी खात्याचे फोन सुरू होतात, आणि मी पॅनेलचं दार उघडून लुकलुकणारे दिवे मोजत बसतो.

दोन कोटेशनं आली आहेत. पहिल्यात पाच मॅनेज्ड (सेटिंग आणि निदान देणारे) स्विच, प्रत्येकाला दोन गिगाबिट एसएफपी (फायबर लावायचं, काढता येणारं मॉड्यूल), मॉड्यूल १००० बेस-एसएक्स. जुनी फायबर तशीच वापरायची, बाकीकडे नवी १२ कोअर टाकून रिंग पूर्ण करायची. (कोअर म्हणजे केबलमधला एकेक काचतंतू; रिंग म्हणजे एकीकडे तुटलं तरी डेटा दुसऱ्या बाजूने जातो.) दुसऱ्यात अनमॅनेज्ड स्विच आणि मीडिया कन्व्हर्टर, किंमत जवळजवळ एक तृतीयांश. एमडी साहेबांचा एकच प्रश्न आहे, 'दोन्हीतून डेटा जातो ना? मग तिप्पट पैसे कशाचे?'

स्विच कुठला घ्यावा आणि साहेबांना काय सांगावं?

---

वाळूजकर

साहेबांचं नंतर बघू. आधी त्या नारिंगी केबलवर काय छापलंय ते वाचा. मल्टिमोड फायबरमध्ये ओएम१ (६२.५ मायक्रॉन) आणि ओएम२ (५० मायक्रॉन) दोन्ही नारिंगीच येतात, रंगावरून कळत नाही. आणि लांबी किती?

---

चिपाड

आत्ताच जाऊन आलो. आवरणावर '६२.५/१२५' छापलंय. मीटरचे आकडेही आहेत. मिल हाऊसच्या टोकाला ०३१२, को-जनला ०७१८. म्हणजे ४०६ मीटर.

---

वाळूजकर

मग पहिलं कोटेशन जसंच्या तसं चालणार नाही.

१००० बेस-एसएक्स ८५० नॅनोमीटरवर चालतं. ६२.५ मायक्रॉनच्या फायबरवर त्याची हद्द केबलच्या ग्रेडप्रमाणे २२० किंवा २७५ मीटर. ५० मायक्रॉनवर ५५० मीटर. तुमची ६२.५ ची ४०६ मीटर आहे. लिंक लाइट कदाचित लागेलही, पण पॅकेट गळत राहतील आणि हंगामभर तुम्ही पीएलसीला शिव्या घालाल.

मग आजवर कसं चाललं? तुमचे मीडिया कन्व्हर्टर १०० एमबीपीएसचे असणार. १०० बेस-एफएक्स मल्टिमोडवर फुल डुप्लेक्समध्ये २ किलोमीटर जातं. तेव्हाच्या लोकांनी योग्यच टाकलं होतं. वेंडरने जागेवर न येता मॉड्यूल निवडलं, एवढंच.

आणखी एक. तांब्यासारखं फायबरवर '१०० का १०००' हे दोन टोकं आपापसात ठरवत नाहीत. एका बाजूला एफएक्स, दुसऱ्या बाजूला एसएक्स लावलंत तर लिंकच येणार नाही, वेव्हलेंग्थही वेगळी आहे. दोन्ही टोकांची मॉड्यूल जोडीने ठरवायची.

---

पर्चेस_ऑर्डर

जुन्या केबलवर एलएक्स (१३१० नॅनोमीटरचं, लांब पल्ल्याचं) मॉड्यूल आणि मोड कंडिशनिंग पॅचकॉर्ड (त्याचा प्रकाश मल्टिमोडमध्ये नीट सोडणारी जोडकेबल) लावून ५५० मीटरपर्यंत गिगाबिट नेता येतं ना? नवी केबल वाचेल.

---

शून्य_डीबी

येतं. पण करू नका. त्या पॅचकॉर्डची एक विशिष्ट बाजू स्विचकडे लागते. रात्रपाळीत कुणी उलटी लावली की संपलं. आणि तो पॅचकॉर्ड तालुक्याच्या गावात मिळत नाही, पुण्याहून येईपर्यंत मिल बंद.

मी स्प्लायसिंगवाला माणूस आहे, टेलिकॉममध्ये उमेदवारी केली, आता एमआयडीसीतली कामं घेतो. माझं ऐकाल तर सरळ ९/१२५ सिंगल मोड (बारीक गाभ्याची, लांब पल्ल्याची फायबर) टाका, २४ कोअर. केबलच्या किमतीत मल्टिमोडपेक्षा ती महाग नाहीच. एसएफपी एलएक्स घ्या, १० किलोमीटरवालं. उद्या डिस्टिलरीपलीकडे इथेनॉलचा नवा टँक फार्म झाला तरी केबल तीच.

हिशोब सांगतो. एलएक्स मॉड्यूलच्या कागदावर साधारण असं असतं : कमीत कमी ट्रान्समिट उणे ९.५ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप), रिसीव्हरला कमीत कमी उणे २० डीबीएम लागतं. मध्ये १०.५ डीबी (प्रकाश किती घटला त्याचं माप) खर्चायला मिळतात. अर्धा किलोमीटर फायबरचे ०.२. चार कनेक्टर, प्रत्येकी अर्धा धरला तर २. चार स्प्लाइसचे ०.४. झाले २.६ डीबी. जवळजवळ ८ डीबी हातात शिल्लक. लांबीची चिंता तुम्हाला नाहीच.

चिंता आहे ती घाणीची. साखर कारखान्यात चिपाडाची धूळ आणि हवेतला चिकटपणा दोन्ही असतात. एलसी कनेक्टरचा फेरूल सव्वा मिलिमीटरचा, त्यातला प्रकाश जाणारा गाभा ९ मायक्रॉनचा. धुळीचा एक कण बसला की अर्धा प्रकाश गेला. कॅप काढली की कनेक्टर पुसायचा, मगच लावायचा. नवीन पाकिटातला असला तरी पुसायचा. शर्टाच्या टोकाने पुसणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांना पॅनेलपासून लांब ठेवा.

आणि आणखी लांबचं चालतं म्हणून ८० किलोमीटरवालं मॉड्यूल घेऊ नका. अर्ध्या किलोमीटरवर त्याचा प्रकाश रिसीव्हरला झेपत नाही, मग अ‍ॅटेन्युएटर शोधत फिरा.

---

हंगामी

नवशिक्याचा प्रश्न. फायबरमधून प्रकाश येतोय की नाही हे मोबाइलच्या कॅमेऱ्याने बघता येतं असं ऐकलंय. खरं का?

---

शून्य_डीबी

८५० नॅनोमीटरचा पुष्कळ मोबाइलमध्ये जांभळट ठिपका दिसतो. १३१० चा दिसत नाही, मोबाइलच्या सेन्सरला तो कळतच नाही. म्हणजे सिंगल मोडमध्ये 'काही दिसलं नाही' याचा अर्थ 'प्रकाश नाही' असा होत नाही. आणि डोळा लावून तर कधीच बघायचं नाही, डोळ्यालाही तो दिसत नाही पण इजा होऊ शकते. पॉवर मीटर घ्या. तुटलं कुठे ते जवळपास शोधायचं असेल तर लाल प्रकाशाचा पेन मिळतो, तो बरा.

---

राइनकाठी

मी जर्मनीत पॅकेजिंग लाइनच्या कमिशनिंगला असते. धाग्यात अजून वॉचडॉगचा, म्हणजे किती वेळ संदेश आला नाही तर उपकरणाने थांबायचं त्या मुदतीचा, विषय निघाला नाही म्हणून लिहिते. रिंग घेऊनही मिल थांबते ती बहुतेक वेळा इथे.

रिंगमध्ये एक स्विच मॅनेजर असतो. तो आपला एक रिंग पोर्ट बंद ठेवतो, नाहीतर पॅकेट गोल गोल फिरत राहतील. दोन्ही बाजूंनी तो टेस्ट फ्रेम सोडत असतो. त्या परत आल्या नाहीत की रिंग तुटली असं समजून बंद पोर्ट उघडतो. प्रोफिनेटमध्ये यासाठी एमआरपी (मीडिया रिडंडन्सी प्रोटोकॉल) वापरतात, आयईसी ६२४३९-२. रिंगमध्ये ५० पर्यंत उपकरणं असतील तर नेहमीच्या सेटिंगमध्ये हे सगळं २०० मिलिसेकंदांच्या आत होतं.

आता दुसरी बाजू. प्रोफिनेटमध्ये पीएलसी आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) यांच्यातला वॉचडॉग म्हणजे अपडेट टाइम गुणिले चुकलेली चालणारी सायकल. डीफॉल्ट तीन. अपडेट टाइम ८ मिलिसेकंद असेल तर वॉचडॉग २४ मिलिसेकंद. रिंग २०० मध्ये सावरते, ड्राइव्ह २४ मध्येच 'कम्युनिकेशन फॉल्ट' म्हणून ट्रिप होतो. रिंग आपलं काम चोख करते आणि मिल तरीही थांबते. मग लोक म्हणतात, स्विच बोगस आहे.

उपाय सोपा आहे. अपडेट टाइम ८ च ठेवा, चुकलेल्या सायकल ३ च्या ३० करा. २४० मिलिसेकंद झाले, एमआरपीला पुरतात. पण प्रत्येक उपकरणाला हे करायचं, एकही सुटता कामा नये. आणि हेही लक्षात घ्या की त्या पाव सेकंदात ड्राइव्ह शेवटच्या आलेल्या स्पीडवरच चालत राहील. केन कॅरिअरला चालेल, इमर्जन्सी स्टॉपला चालणार नाही. तो हार्डवायरनेच ठेवा. प्रोफिसेफ (प्रोफिनेटवरून जाणारे सुरक्षेचे संदेश) असेल तर त्याची मॉनिटरिंग टाइम वेगळी असते, तीही तपासा.

---

वाळूजकर

+१. आणि रिंगसाठी 'आरएसटीपी आहे की, चालेल' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका (आरएसटीपी म्हणजे लूप रोखणारा सर्वसाधारण प्रोटोकॉल). आरएसटीपी किती वेळात सावरेल हे रचनेवर आणि स्विचवर अवलंबून असतं, छातीठोक आकडा देता येत नाही. कंपन्यांचे स्वतःचे रिंग प्रोटोकॉलही आहेत. मोक्साचं टर्बो रिंग २० मिलिसेकंदांच्या आतलं सांगतात, हिर्शमनचं हायपर-रिंग जुनं आणि मुरलेलं. पण मग रिंगमधले सगळे स्विच त्याच घराण्यातले घ्यावे लागतात. तुमचं सगळं प्रोफिनेट आहे, तर एमआरपीच घ्या. उद्या एखादा स्विच दुसऱ्या कंपनीचा आला तरी तो रिंगमध्ये बसेल.

एमआरपी चालू केलेल्या पोर्टवर आरएसटीपी बंद करायला विसरू नका. दोघं एकाच पोर्टवर नांदत नाहीत.

---

हंगामी

टीएसएन (वेळेची हमी देणारं नवं इथरनेट) आलंय म्हणतात. आता एमआरपी घेणं म्हणजे जुनं तंत्रज्ञान घेणं नाही का?

---

राइनकाठी

तुमचे पीएलसी आणि ड्राइव्ह टीएसएन बोलतात का? नसतील तर स्विच टीएसएनचा घेऊन फक्त बिल वाढेल. एकही फ्रेम गमवायची नाही असं असेल तर आयईसी ६२४३९-३ मधले पीआरपी आणि एचएसआर आहेत. फ्रेम दोन वाटांनी पाठवायची, आधी पोचेल ती घ्यायची, सावरायला शून्य वेळ. सबस्टेशनमध्ये ते लागतं. मळीच्या पंपाला नाही.

---

जुना_रिले

सबस्टेशनचं नाव निघालं म्हणून थोडं लिहितो. प्रोटेक्शनमध्ये आयुष्य गेलं, आता निवृत्त.

चिपाड, वरच्यांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे. पण तुझ्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य मला खटकलं. 'नवी १२ कोअर टाकून रिंग पूर्ण करायची.' रिंगच्या जाण्याच्या आणि येण्याच्या कोअर त्याच एका १२ कोअर केबलमध्ये आहेत का, ते ड्रॉइंगवर बघ. मी असल्या कितीतरी रिंगा पाहिल्यात. कागदावर सुंदर वर्तुळ, जमिनीत एकच चर. जेसीबीचा एक दात लागला की दोन्ही हात एकदम तुटतात. ती रिंग नव्हे, दुमडलेली एकच लाइन.

दुसरं. मॅनेज्ड स्विचला २४ व्होल्टचे दोन इनपुट असतात. पॅनेलवाले एकाच एसएमपीएसवरून (पॉवर सप्लायवरून) दोन वायरी ओढतात, किंवा टर्मिनलवरच जंपर मारतात. दोन्ही हिरवे दिवे लागतात, साहेब खूश. एसएमपीएस गेला की स्विच गेला. दोन एसएमपीएस हवेत, आणि ते दोन वेगळ्या फीडरवर.

तिसरं. रिंग पहिल्यांदा तुटते तेव्हा कुणाला काही कळत नाही, कारण सगळं चालू राहतं. महिना-दोन महिन्यांनी दुसरीकडे तुटतं आणि अर्धा कारखाना एकदम गायब होतो. मग सगळे म्हणतात, 'रिंग असून कशी बंद पडली?' स्विचवर फॉल्ट रिलेचा कॉन्टॅक्ट असतो, तो बहुतेकदा कोराच राहतो. तो पीएलसीच्या डिजिटल इनपुटला घे आणि एचएमआयवर (ऑपरेटरच्या स्क्रीनवर) मोठ्या अक्षरात 'रिंग तुटली' असा अलार्म ठेव.

तुझ्या साहेबांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. डेटा दोन्हीतून जातो. बंद पडल्यावर कुठे तुटलं हे सांगणारा एकच आहे.

---

तिखटमीठ

काका, उंदीरमामांना विसरलात. आमच्याकडे जेसीबीपेक्षा त्यांनी जास्त फायबर खाल्लीये. साखर कारखान्यात तर त्यांचं सासरच.

---

पर्चेस_ऑर्डर

म्हणून आर्मर्ड केबल घ्या. लोखंडी पट्टीवाली.

---

जुना_रिले

थांबा. फायबर कशासाठी टाकतोय? वळवाच्या विजेने पोर्ट उडतात म्हणून. को-जनच्या स्विचयार्डचं अर्थिंग आणि बॉयलिंग हाऊसचं अर्थिंग, वीज पडली किंवा फॉल्ट झाला की दोन्हींमध्ये मोठा व्होल्टेज फरक येतो. कॅट-६ तो फरक सरळ पोर्टपर्यंत आणते. काचेतून तो येत नाही. आता त्या काचेभोवती लोखंडी पट्टी गुंडाळून ती दोन्ही पॅनेलच्या ग्लँडला घट्ट कसलीत, तर तांब्याने जे केलं तेच लोखंड करणार.

धातूविरहित केबल घ्या, उंदरांसाठी काचतंतूंचं वेष्टण असलेली मिळते. आर्मर्डच घ्यायची असेल तर आर्मर इमारतीच्या प्रवेशापाशी सोलून अर्थ करा, पॅनेलच्या आत आणू नका.

---

शून्य_डीबी

काकांना दंडवत. आम्ही पीएलबी डक्टमध्ये ४० मिलिमीटरच्या पाइपातून ओढतो. उंदीर सहसा आत जात नाही, मात्र दोन्ही टोकं एंड प्लगने बंद करायची. टोकं उघडी ठेवली तर पावसाळ्यात पाणी आणि हिवाळ्यात मामा.

रिंगचा परतीचा रस्ता चिपाडाच्या यार्डाकडून नेऊ नका. तिथे लोडर फिरतात आणि आगही तिथेच लागते. स्प्रे पाँडच्या बाजूने जागा असेल तर ती बघा.

---

चिपाड

सगळ्यांचे मनापासून आभार. ड्रॉइंग उघडलं. जुना रिले काका म्हणतात तेच निघालं. पाचही पॅनेल एका ओळीत, एकच केबल ट्रे, जाणारी आणि येणारी कोअर एकाच केबलमध्ये. वेंडरला विचारलं तर म्हणाला, 'सगळीकडे असंच करतात.'

स्प्रे पाँडच्या बाजूने जुन्या पाण्याच्या लाइनला लागून वाट आहे, सिव्हिलवाले तयार झाले. केबल वाढेल, पण साहेबांना ड्रॉइंगवर जेसीबीची रेघ मारून दाखवली तेव्हा त्यांनी काही न बोलता सही केली.

आता स्विचचं सांगा. आणि सल्फर बर्नरजवळच्या पॅनेलमध्ये दरवर्षी कॉन्टॅक्ट काळे पडतात, त्याचं काय?

---

वाळूजकर

ब्रँडवर मी वाद घालणार नाही. सिमेन्स स्कॅलन्स, हिर्शमन, फिनिक्स काँटॅक्ट, मोक्सा, यातलं तुमच्या भागात सर्व्हिस ज्याची चांगली तो घ्या. टेंडरमध्ये मात्र हे लिहा :

डिन रेलवर बसणारा, पंख्याशिवाय चालणारा. दोन २४ व्होल्ट इनपुट. फॉल्ट रिले. एमआरपी मॅनेजर आणि क्लायंट दोन्ही. प्रोफिनेट डिव्हाइस म्हणून पीएलसीच्या प्रोजेक्टमध्ये दिसणारा, म्हणजे पोर्ट गेल्याचं निदान पीएलसीलाच मिळतं. एसएफपीचं डिजिटल डायग्नॉस्टिक (प्रकाश किती येतोय वगैरे) वाचता येणारा. कॉन्फिगरेशन काढता येणाऱ्या कार्डवर ठेवणारा.

सल्फर बर्नरसाठी कॉन्फॉर्मल कोटिंगचं (आतल्या सर्किटवर संरक्षक थर असलेलं) मॉडेल मागा. सल्फर डायऑक्साइड आणि दमटपणा एकत्र आले की उघडं तांबं टिकत नाही. वापरात नसलेल्या आरजे-४५ पोर्टवर रबरी बूच लावा. शक्य असेल तर तो स्विच बर्नरजवळच्या पॅनेलमधून उचलून एमसीसी रूममध्ये (मोटर कंट्रोल पॅनेलच्या खोलीत) न्या. ते कोटिंगपेक्षा स्वस्त.

---

पर्चेस_ऑर्डर

माझ्या खात्यातली एक गोष्ट. स्विच उणे ४० ते अधिक ७५ अंशांचा घेतात आणि एसएफपी स्वस्त पडतो म्हणून ० ते ७० चा, ऑफिसवाला. बॉयलरजवळच्या बंद पॅनेलमध्ये मॉड्यूल आतून किती तापतं ते वेगळं सांगायला नको. एसएफपी इंडस्ट्रियल ग्रेड, उणे ४० ते ८५, असं स्वतंत्र ओळीत लिहा. नाहीतर लोएस्ट बिडर तिथेच पैसे वाचवतो, आणि तपासणीत ते कुणी बघत नाही. काही स्विच परक्या कंपनीचं एसएफपी स्वीकारतच नाहीत. म्हणून स्विच आणि मॉड्यूल एकाच ऑर्डरमध्ये.

---

हंगामी

मीडिया कन्व्हर्टर पूर्ण काढायचे का? चांगले चालू आहेत की.

---

वाळूजकर

रिंगमधून नक्की काढा. साध्या कन्व्हर्टरमध्ये फायबर तुटली तरी तांब्याच्या बाजूचा लिंक लाइट लागलेलाच राहतो. स्विचला वाटतं सगळं आलबेल. लिंक फॉल्ट पास थ्रू असलेले कन्व्हर्टर असतात, त्यात एक बाजू गेली की दुसरीही पाडतात. पण एसएफपीवाला स्विच असताना मधलं आणखी एक डबडं आणि त्याचा आणखी एक अ‍ॅडॉप्टर कशाला? सीसीटीव्हीला वापरा. कॅमेरे या रिंगवर आणू नका, २४ कोअर आहेत, त्यांना वेगळी जोडी द्या.

---

राइनकाठी

दोन गोष्टी राहिल्या.

ड्राइव्हला दोन पोर्ट असतात म्हणून एकातून दुसऱ्यात अशी माळ करतात. मेंटेनन्सला मधला ड्राइव्ह बंद केला की पुढचे सगळे नेटवर्कवरून जातात. एकतर प्रत्येक ड्राइव्ह स्विचवरून सुटा घ्या, नाहीतर ड्राइव्हच्या कंट्रोल कार्डाला बाहेरून २४ व्होल्ट द्या, म्हणजे मेन सप्लाय गेला तरी पोर्ट जिवंत राहील.

आणि कमिशनिंगच्या दिवशी रिंगचा शेवटचा पॅचकॉर्ड सगळ्यात शेवटी लावा. आधी सगळ्या स्विचवर एमआरपी, एकच मॅनेजर, मग वर्तुळ पूर्ण. नव्या कोऱ्या स्विचची रिंग आधीच जोडली आणि त्यात लूप रोखणारं काही चालू नसलं, तर ब्रॉडकास्ट फिरत राहतं आणि सगळे पीएलसी एकदम आंधळे होतात. दिवे मात्र झकास लुकलुकतात.

---

जुना_रिले

को-जनच्या प्रोटेक्शन रिलेंचं नेटवर्क या रिंगला जोडू नकोस, कुणी कितीही आग्रह केला तरी. तिथे आयईसी ६१८५०-३ चे स्विच लागतात आणि गूस मेसेजला (रिले एकमेकांना पाठवतात त्या तातडीच्या संदेशाला) काही मिलिसेकंदांचीच मुभा असते. तुझं २४० मिलिसेकंदांचं गणित तिथे चालत नाही. स्काडाला (सगळा कारखाना एका जागी दाखवणाऱ्या संगणकाला) आकडे हवेत तर गेटवेतून घ्या.

---

चिपाड

बऱ्याच दिवसांनी धागा वर आणतोय. केबल पडली, स्विच बसले, काल चाचणी घेतली.

शून्य_डीबी यांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक एसएफपीचं रिसीव्ह रीडिंग काढलं. सगळीकडे उणे ६ ते उणे ८ डीबीएम, बॉयलिंग हाऊसच्या एका पोर्टवर मात्र उणे १४. लिंक व्यवस्थित चालू होती, एरवी कुणी बघितलंही नसतं. कनेक्टर काढून क्लिक क्लीनर फिरवला, परत लावला, उणे ७ आलं.

मग ड्राय रनवर केन कॅरिअर, बगॅस फीडर आणि पंप चालू ठेवून बॉयलर आणि को-जनमधला पॅचकॉर्ड उपसला. एचएमआयवर अलार्म आला, बाकी काही हललं नाही. फक्त बगॅस फीडरचा एक ड्राइव्ह ट्रिप झाला. राइनकाठी ताई, तुमचंच भाकीत. तो ड्राइव्ह प्रोजेक्टमध्ये नंतर जोडलेला, त्याच्या सायकल डीफॉल्ट तीनच राहिलेल्या. ३० केल्या, पुन्हा उपसला, चालू राहिला. मग पाचही तुकडे एकेक करून उपसले, आणि प्रत्येक स्विचचा एकेक एसएमपीएस बंद केला.

आता एकच. स्पेअरमध्ये काय ठेवू? आणि रिसीव्ह पॉवर रोज कोण बघणार?

---

शून्य_डीबी

उणे १४ चं उणे ७, म्हणजे पाचपट प्रकाश नुसत्या पुसण्याने आला. कालची सगळी रीडिंग कागदावर लिहून प्रत्येक पॅनेलच्या दारावर आतून चिकटवा. तेवढीच तुमची जन्मपत्रिका. कंत्राटदाराकडून प्रत्येक कोअरचा ओटीडीआर (फायबरमध्ये कुठे किती प्रकाश जातो ते दाखवणारी चाचणी) १३१० आणि १५५० दोन्हींवर घ्या. कुठे केबल जास्त वाकली असेल तर १५५० वर चटकन दिसते. वापरात नसलेल्या कोअरचाही घ्या, नाहीतर गरज पडेल त्या रात्री कळेल की स्पेअर कोअर स्प्लाइसच केलेली नाही.

---

वाळूजकर

रोज कुणी बघत नाही, म्हणून एसएनएमपीने (नेटवर्क उपकरणांची माहिती वाचायच्या प्रोटोकॉलने) ती रीडिंग स्काडात आणा आणि आजच्या आकड्यापेक्षा ३ डीबी खाली गेलं की वॉर्निंग ठेवा. लिंक पडण्याच्या पुष्कळ आधी कळेल.

स्पेअरमध्ये एक स्विच, त्याच फर्मवेअरचा. चार एसएफपी. एलसी ते एलसी पॅचकॉर्ड, धुळीच्या टोप्या, एक क्लिक क्लीनर. हे सगळं स्टोअरच्या कपाटात नको, रात्री स्टोअरला कुलूप असतं. मिल हाऊसच्या कंट्रोल रूममध्ये ठेवा.

---

चिपाड

रात्रपाळीला लॅपटॉपवाला माणूस नसतो, इलेक्ट्रिशियन असतो. त्याच्याच्याने स्विच बदलला जाईल का?

---

वाळूजकर

त्यासाठीच तर कार्डावर कॉन्फिगरेशन ठेवणारा स्विच मागितला. जुन्यातलं कार्ड काढायचं, नव्यात घालायचं, पॉवर द्यायची. आयपी, डिव्हाइसचं नाव, एमआरपीचा रोल सगळं त्यात असतं. फक्त कुठली फायबर कुठल्या पोर्टला ते केबलवर टॅग लावून ठेवा. अग्निप्रदीपनाच्या आधी त्याच इलेक्ट्रिशियनच्या हातून एकदा बदलून घ्या, तुम्ही बाजूला उभे राहा, हात लावू नका.

---

चिपाड

सोमवारी दुसऱ्या पाळीत घेतो. लेबल प्रिंटर स्टोअरमधून मागवलाय.